भीती वाटली असं लिहा

आमच्या साइटवर त्यांना सगळे 'वरचे' म्हणायचे. टॉवर क्रेन चालवायचे ते. जमिनीपासून साठ मीटर वर, काचेच्या एवढ्याशा केबिनमध्ये दिवसभर एकटे. खाली कुणाचं काही अडलं की कुणीतरी म्हणायचंच, "वरच्याच्या मनात असेल तर होईल," आणि सगळे माना वर करून हसायचे. विनोद फार जुना होता, पण बांधकामावर जुना विनोद कुणी टाकून देत नाही. फळीसारखा पुन्हा पुन्हा वापरतात.

मी त्यांचा सिग्नलवाला. क्रेनला माल अडकवला की तो कुठे न्यायचा, किती उचलायचा, कधी थांबायचं हे खालून वॉकीवर सांगायचं, हे माझं काम. वरून चालकाला पुष्कळदा माल दिसतच नाही, भिंतीआड जातो. तेव्हा त्याचे डोळे म्हणजे मी. ते वरचे, म्हणून मला ते 'खालचे' म्हणायचे. मी त्यांना दादा म्हणायचो. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. अकरा वर्षं आम्ही रोज बोलत होतो. बायकोशी बोललो नसेन इतकं त्यांच्याशी बोललो असेन. पण ते सगळं बोलणं म्हणजे "डावीकडे", "अजून थोडं", "बस, बस, टेकलं".

हात मात्र असा की पाहत राहावं. चार टनांची काँक्रीटची तयार भिंत ते इतकी अलगद टेकवायचे की आधी तिची सावली पायावर यायची, मग भिंत. माणूस नीटनेटका. वर कुणी बघणारं नसताना इस्त्रीचा शर्ट. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा म्हणाल्या होत्या, "अहो, साठ मीटरवर तुमची इस्त्री कोण बघतंय?" तर म्हणाले, "मी बघतो ना."

स्वतःबद्दल बोलणं मात्र नाही. ताप असो, घरात कुणाचं आजारपण असो, काही असो. कसं काय विचारलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय!" आम्हाला ते फार आवडायचं. माणूस असावा तर असा, असं आम्ही म्हणायचो.

इमारत चौथ्या मजल्यावर होती तेव्हाची गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले असतील. दादांच्या हुकाला सळयांचा भारा होता, जवळजवळ दोन टन. मी वॉकीवर त्यांना दिशा देत होतो. चौथ्या मजल्याच्या कडेला आमचा सुतार फळ्या बसवत होता. उंच, बडबड्या, सगळ्यांचा लाडका माणूस. त्याच्या पायाखालची फळी सरकली आणि तो गेला. दुसऱ्या मजल्याला बांधलेल्या जाळीत पडला, जाळीचा एक कोपरा सुटला आणि तिथून घसरून वाळूच्या ढिगावर आदळला.

मी ओरडत पळालो. सगळेच पळाले. कुणी त्याचं डोकं धरलं, कुणी नाडी बघितली, कुणी नुसताच रडत उभा राहिला. गाडी येईपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. वीस मिनिटं आम्ही पंधरा-वीस माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून होतो.

आणि वर, दोन टन लोखंड हवेत घेऊन, एक माणूस बसला होता. माल लटकत असताना चालकाला केबिन सोडता येत नाही. सिग्नल द्यायला मी जागेवर नव्हतो. तरी त्यांनी तो भारा कुणाच्याही डोक्यावरून न नेता, मोकळ्या कोपऱ्यात, एकट्याच्या अंदाजाने उतरवला. एकही सळई वाकडी झाली नाही.

सुतार वाचला. खुबा मोडला, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, पण वाचला. दुपारी साइटची सुरक्षा बघणाऱ्या सेफ्टी मॅडमनी आम्हाला शेडमध्ये बसवलं आणि एकेकाला बोलतं केलं. कुणाला काय दिसलं, कुणाला काय वाटलं. मी तर हुंदके देऊन रडलो. दादा शिडी उतरून येईपर्यंत बैठक संपली होती. मोठ्या साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर बोलावलं आणि म्हणाले, "याला म्हणतात डोकं शांत ठेवणं. शिका जरा!" आम्ही टाळ्या वाजवल्या. दादा थोडंसं हसले आणि हेल्मेट काढून पुसत बसले. खूप वेळ पुसत होते, ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी टाळ्या वाजवण्यात दंग होतो.

पहिले दोन महिने काही कळलं नाही. मग मला छोट्या छोट्या गोष्टी जाणवू लागल्या. शिडीला दर बारा मीटरवर उभं राहायला एक जाळीदार टप्पा असतो. पूर्वी ते न थांबता चढायचे, आता तिसऱ्या टप्प्यावर पाच-पाच मिनिटं थांबायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "गुडघे." केबिनमध्ये पोचल्यावर ब्रेक एकदा तपासायचा, तो तीनदा तपासायचे. मी "डावीकडे" म्हटलं की विचारायचे, "डावीकडे ना? नक्की?" अकरा वर्षांत त्यांनी मला 'नक्की' असं कधी विचारलं नव्हतं. भिंत टेकली की वॉकीवर एक मोठा श्वास ऐकू यायचा, विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा.

मी काय केलं? झाकलं. त्यांचा वेळ लागायला लागला तर साहेबांना सांगायचो, साखळी अडकली होती, पट्टा नीट बसला नव्हता. मला वाटायचं मी मैत्री निभावतोय.

घरची हकिगत मला वहिनींकडून पुढे कळली. दादांनी आपली खाट खिडकीपासून ओढून भिंतीला लावली. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी दचकून उभे राहायचे आणि मग त्या झाकणासाठी वहिनींवर ओरडायचे. हा माणूस पंचवीस वर्षांत ओरडला नव्हता. झोप पहाटे चारला उडायची ती उडायचीच. लेक कॉलेजात होती. ती एकदा धीर करून म्हणाली, "बाबा, कुणाशी तरी बोला ना. डॉक्टर असतात त्याच्यासाठी."

"मी वेडा आहे का?"

"वेडे नाही म्हणत. पण तुम्ही आनंदात पण नाही आहात."

"ज्याचा खुबा मोडला तो काठी घेऊन हिंडतोय. मला साधं खरचटलंसुद्धा नाही. मी कुठल्या तोंडाने डॉक्टरकडे जाऊ?"

हेच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पडला तो सुतार. सोसलं ते सुतारानं. आपल्याला त्रास व्हायचा हक्कच काय? त्यामुळे त्रास झाला की त्याच्याबरोबर शरमही यायची, आणि ती लपवण्यात उरलासुरला जोर जायचा. माणसं पाठदुखी अंगावर काढतात, ताप अंगावर काढतात. यांनी हे अंगावर काढलं. सात महिने.

मग तो मंगळवार आला.

इमारत अकराव्या मजल्यावर पोचली होती. मी अकराव्यावर उभा होतो, कारण तिथे एक तयार भिंत बसवायची होती. चार टन वजन, सहा मीटर लांब. माझ्याबरोबर चार गडी, भिंत हाताने जागेवर घ्यायला. सकाळी अकराचा सुमार. वारा होता, पण मर्यादेत.

भिंत वर आली, वळली, आमच्याकडे सरकू लागली. मी बोलत होतो, "या... या... अजून सहा मीटर... या..." आमच्यापासून पाच मीटरवर ती थांबली.

"दादा, अजून या."

काही नाही. भिंत वाऱ्याने किंचित डोलत होती.

"दादा, ऐकू येतंय ना?"

वॉकी खरखरली. आधी नुसता श्वास, धाप लागल्यासारखा. मग ओळखू न येणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "खालचे... माझे हात चालत नाहीयेत."

शेजारच्या गड्याने विचारलं, "काय झालं?" मी हातानेच चौघांना मागे हो म्हणून खुणावलं. ते जिन्यापर्यंत मागे गेले. मी एकाला सांगितलं, "खाली जा, सेफ्टी मॅडमना सांग, क्रेनखालचा सगळा भाग रिकामा करा. पळ."

दुसरा क्रेनवाला समोरच्या इमारतीवर होता. त्याने त्याची क्रेन थांबवून, उतरून, इकडे चढून यायचं म्हणजे अर्धा तास. अर्धा तास चार टनांची भिंत वाऱ्यात. सपाट भिंत म्हणजे शीडच. वारा वाढला तर ती फिरायला लागणार, आणि फिरायला लागली तर मग कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. क्रेनच्या टोकाला वाऱ्याचा पिवळा दिवा असतो. मी बघत असतानाच तो लुकलुकायला लागला. पिवळा म्हणजे सावधान. लाल झाला की सगळं बंद करायचं.

माझ्या ओठांवर आलंच होतं, "काही होत नाही दादा, तुम्ही तर वाघ आहात." पण अकरा वर्षं मी तेच म्हणत आलो होतो. मी म्हणालो, "दादा, दांडे सोडा. दोन्ही."

"सोडले तर—"

"सोडले की ब्रेक आपोआप लागतो. तुम्हीच मला शिकवलंय. सोडा."

मी भिंतीवरची नजर हलवली नाही. मग, "सोडले."

"भिंत जागेवर आहे. मला दिसतेय. आता मला सांगा, तुम्हाला काय दिसतंय?"

"तो." वॉकीवर दात वाजल्याचा आवाज येत होता. "तो पडताना दिसतोय. तुझ्या मागे. कडेला."

मी वळून पाहिलं नाही. "माझ्या मागे कुणी नाही दादा. तिघे जिन्यात बसलेत, एक खाली गेलाय. मजल्यावर मी एकटा आहे. मला मोजा. किती माणसं?"

"एक."

"मी कुठे आहे?"

"खांबाजवळ. पिवळं जाकीट."

"बरोबर. आज मी खांबाजवळच राहणार. कुठेही जाणार नाही."

दिवा लुकलुकत होता. भिंत एक वीतभर डावीकडे फिरली आणि परत आली. माझं बनियन घामाने पाठीला चिकटलं होतं. खाली शिट्ट्या वाजत होत्या, माणसं बाजूला होत होती. मग मॅडमचा आवाज वॉकीवर आला, शांत, "खालचं आवार रिकामं आहे. घाई नाही. तुम्ही दोघं बोला, मी मध्ये बोलणार नाही."

"दादा," मी म्हणालो, "भिंत बसवायची नाही आपल्याला. तो विषय संपला. फक्त मागच्या आवारात उतरवायची. एका वेळी एकच हात. डावा हात दांड्यावर ठेवा. हलवू नका, नुसता ठेवा."

"ठेवला."

"थरथरतोय?"

"खूप."

"थरथरू दे. थरथरत्या हाताने पण दांडा सरकतो. उजवीकडे, सगळ्यात हळू."

क्रेनचा लांब हात हलला. इतका हळू की आधी मला भास वाटला. भिंत आमच्या मजल्यापासून दूर सरकली. मी खांबाला टेकलो. पण खांबाजवळून हललो नाही.

आवारावर यायला सहा मिनिटं लागली, खाली टेकायला अजून चार. मध्ये दोनदा ते थांबले. एकदा म्हणाले, "मला उलटी होतेय." मी म्हटलं, "करा. मग पुढे जाऊ." शेवटच्या मीटरला मॅडमनी खालून सिग्नल दिला, आणि भिंत टेकली. एक कोपरा आधी टेकला, खाडकन. त्यांच्या हातून माल असा टेकलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मग मी विचारलं, "उतरता येईल?"

"नाही."

अकरा वर्षं मी त्या माणसाला शिडी चढताना बघितलं होतं आणि स्वतः कधी दुसऱ्या टप्प्याच्या वर गेलो नव्हतो. मला उंचीची भीती नाही, पण त्या शिडीची आहे. इमारतीला भिंती असतात, शिडीला नुसती हवा. मी जिन्याने खाली आलो. मॅडमनी मला पट्टा बांधला, हूक कसा अडकवायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, "दुसरा चालक निघालाय. तुम्ही थांबलात तरी चालेल."

मी चढलो. कसा चढलो ते विचारू नका. तिसऱ्या टप्प्यावर मलाही पाच मिनिटं थांबावं लागलं, आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत.

केबिनचं दार उघडलं तेव्हा ते खुर्चीत बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरून होते. इस्त्रीचा शर्ट ओकारीने भरला होता. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलास? तुला जमत नाही."

"जमलं नाहीच. पण आलो."

केबिनमध्ये दुसऱ्या माणसाला जागा नसते. मी दाराशी जाळीवर बसलो. तिथून मी पहिल्यांदा खाली पाहिलं. माझी रोजची जागा दिसली. वाळूचा ढीग दिसला. चौथ्या मजल्याची कड अगदी खाली, हातावर ठेवल्यासारखी.

"मला आधी दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"फळी. त्याने पाय ठेवायच्या आधी ती एका बाजूने उचलली गेली होती. त्याला नाही दिसलं, मला वरून दिसलं. मी वॉकीवर ओरडलो, 'फळी, फळी!' कुणी वर बघितलं नाही."

वॉकीवर दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की पलीकडचं ऐकू येत नाही. त्या वेळी बटण माझ्या बोटाखाली होतं. मी बोलत होतो. "डावीकडे, डावीकडे," असंच काहीतरी. सात महिने हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला त्रास होईल म्हणून.

"मग तुम्ही सगळे पळालात," ते म्हणाले. "मी सिग्नलसाठी तुझ्या जागेकडे बघितलं, तर तू नव्हतास. बरोबरच केलंस तू. मी पण पळालो असतो. पण मला पळता येत नव्हतं रे."

आणि ते रडले. मी त्यांचा हात धरला. वारा इतका होता की आम्ही काय बोलत होतो ते आम्हालाच नीट ऐकू येत नव्हतं. तासाभराने, दुसरा क्रेनवाला खाली आणि मी वर, असे त्यांना मध्ये घेऊन आम्ही उतरलो.

खाली ऑफिसात मोठे साहेब फॉर्म घेऊन बसले होते. साहेब वाईट माणूस नव्हे, पण त्यांना वरती उत्तरं द्यायची असतात. ते म्हणाले, "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण लिहू, उन्हाने चक्कर आली. दोन दिवस आराम करा आणि या. दुसरं काही लिहिलं तर तुमचं लायसन अडकेल. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

दादांनी तोंड धुतलेलं होतं, केस ओले होते. मला वाटलं, आता म्हणतील 'मला काय धाड भरलीय'. पेन साहेबांच्या हातात होतं. दादा बराच वेळ त्या पेनकडे बघत राहिले.

"ऊन नव्हतं आज," ते म्हणाले. "चक्कर नव्हती. भीती वाटली, असं लिहा."

"अहो, असं लिहितात का?"

"अकराव्यावर पाच माणसं होती. उद्या परत माझे हात बंद पडले आणि कागदावर ऊन लिहिलेलं असलं, तर? लिहा. सात महिने भीती वाटतेय. कुणाला सांगितलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. सेफ्टी मॅडमनी ते उचललं आणि लिहिलं, जसंच्या तसं.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. लायसन अडकलंच. त्यांना गोदामात बसवलं, हेल्मेट आणि हातमोजे वाटायला. "वरचे खाली आले," असं लोक म्हणायचे; काही हसून, काही मुद्दाम ऐकू जाईल असं. एका सुपरवायझरने त्यांच्या तोंडावर विचारलं, "काय, भूत बघितलं म्हणे?" गोदामाच्या खिडकीतून त्यांना त्यांचीच क्रेन दुसऱ्याच्या हाताखाली चालताना दिसायची. त्या दिवसांत मला त्यांची खरी काळजी वाटली. वरच्या केबिनपेक्षा त्या गोदामात ते जास्त एकटे होते.

डॉक्टरबाईंकडे आठवड्यातून एकदा जायचे. वहिनी बरोबर. पहिल्या दोन वेळा त्यांनी फक्त गुडघ्यांबद्दल सांगितलं. बाईंनी शांतपणे गुडघे ऐकून घेतले. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "गुडघ्यांचं मला समजलं. आता गुडघ्यांच्या वरचं सांगा." दादांना हसू आलं आणि मग ते बोलायला लागले. तो सबंध दिवस, सकाळी साडेदहापासून, मोठ्याने, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी अंग घामाने भिजायचं. चौथ्या-पाचव्या वेळी कमी भिजलं. घरी वहिनींनी एक नियम घातला. संध्याकाळी दोघांनी फिरायला जायचं आणि त्या वेळात दोघांनी आपापला दिवस खरा सांगायचा. दादा मला म्हणाले, "तिचा दिवस कसा जातो हे मला पंचवीस वर्षांनी कळतंय. मला वाटायचं, मी सांगत नाही म्हणजे मी तिला जपतोय. ती पण मला तशीच जपत होती. दोघं जपून जपून मुके झालो होतो."

सुताराकडे जायला मात्र ते तयार नव्हते. मीच एका रविवारी जवळजवळ ओढून नेलं. सुतार आता बसून काम करायचा. घराच्या पुढच्या खोलीत लहान मुलांच्या खुर्च्या बनवायचा. जमिनीवर भुसा, कोपऱ्यात काठी. आम्हाला बघून त्याने रंधा खाली ठेवला.

दादा उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, "मला फळी दिसली होती. मी ओरडलो, पण पोचलं नाही. हे तुला सांगायचं होतं."

सुताराने मांडीवरचा भुसा झटकला. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. त्याचा पाय, त्याचा धंदा, त्याचं सगळंच त्या फळीने बदललं होतं.

"मला काही आठवत नाही," तो म्हणाला. "फळीवर पाय ठेवला आणि मग दवाखान्याचं छत. मधलं काही नाहीच. लोक विचारतात, पडताना काय वाटलं? मला काय माहीत! पडलो मी दादा, पण माझं पडणं तुम्ही बघितलंत. मला हाडं जोडून दिली. तुमचं कुणी काय जोडलं?"

दादा मटकन खाली बसले, भुशातच. सुतार खुरडत पुढे आला आणि दोघं एकमेकांना धरून बसले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला त्याला वॉकीच्या बटणाचं जे सांगायचं होतं ते मी पुढच्या रविवारी एकटा जाऊन सांगितलं. त्याने मला दोन शिव्या दिल्या, मग चहा दिला. ते वेगळं.

पाच महिन्यांनी डॉक्टरबाईंनी टप्प्याटप्प्याने चढायची परवानगी दिली. एक आठवडा पहिला टप्पा, नुसतं उभं राहायचं आणि उतरायचं. मग दुसरा. तिसऱ्यावर पुन्हा अडलं, तीन आठवडे अडलं. एकदा तिथून ते भरभर उतरले आणि म्हणाले, "संपलं माझं. मला गोदामच बरं." दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे दुपारी सांगितलं, की काल दिवसभर झोपलो.

सातव्या महिन्यात लायसन परत मिळालं. वर गेल्यावर आमच्यात एक नवीन बोलणं सुरू झालं. काम सुरू करायच्या आधी ते सांगायचे, आज हात कसा आहे. "आज हलका आहे." "आज जरा जड आहे, आधी सळया देऊ, भिंती नंतर." एक-दोनदा, "आज कडेकडे बघवत नाही, दहा मिनिटं थांब." आम्ही थांबायचो. साहेब घड्याळ दाखवायचे, मी खांदे उडवायचो. साखळी अडकल्याचं खोटं मी परत कधी सांगितलं नाही.

तरी एक दिवस उगवलाच. वर्षभराने. वारा नव्हता, ऊन नव्हतं, सगळं झकास होतं. दादा सकाळी चढले, दोन माल उतरवले आणि वॉकीवर म्हणाले, "खालचे, आज माझं मन थाऱ्यावर नाही. मी उतरतोय. दुसऱ्याला चढवा."

साहेबांनी माझ्या हातातून वॉकी घेतली. "अहो, कारण काय?"

"कारण नाही साहेब. असंच आहे आज."

"त्या दिवसाचं काही दिसलं का?"

"नाही. झोप नीट झाली नाही, सकाळी लेकीशी भांडलो, आणि हात माझा वाटत नाही."

"एवढ्यासाठी क्रेन थांबवायची? तिकडे पंधरा माणसं खोळंबलीत!"

"त्या पंधरा माणसांसाठीच," दादा म्हणाले आणि शिडीला लागले.

साहेब इतके तापले की त्यांनी तो अर्धा दिवस बिनपगारी लावला आणि वर चार शब्द सुनावले. दादांनी मान हलवून ऐकून घेतले. चेहरा पडला होता, ते खोटं कशाला बोलू. लोकांसमोर बोलणी खाणं त्यांना आजही झोंबतं. पण वाद घातला नाही आणि परत चढलेही नाहीत. लेकीच्या कॉलेजच्या दारात जाऊन बसले, म्हणे, ती सुटेपर्यंत. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलं तर म्हणाले, "बरंच काही." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सातला मी साइटवर पोचलो तर ते शिडीखाली पट्टा आवळत उभे होते. त्या दिवशी आम्ही एकतीस माल उचलले.